पिकते तिथे विकत नाही

मॉरिशसमधील मराठी घरांत फुटबॉलचे वेड किती आहे हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीन वाजता सामने सुरू होतात तेव्हा आपल्याकडे कधी सहा, कधी सात वाजलेले असतात. म्हणजे ऐन दिवेलागणीची वेळ. देवापुढचा दिवा आणि समोरचा टी.व्ही. एकाच वेळी लागतो. एकाच घरात बाप लिव्हरपूलचा, मुलगा मँचेस्टर युनायटेडचा आणि जावई आर्सेनलचा, असेही चालते. यांपैकी युनायटेडवाल्यांचे घरातले स्थान गेली काही वर्षे फारच नाजूक झाले आहे. मीही त्यांच्यातलीच एक. तेव्हा आज जे लिहिते आहे ते तटस्थ माणसाचे लिखाण नव्हे, हे आधीच सांगून टाकते.

मात्र २०२५ सालच्या मे महिन्यातला एक आठवडा मला तटस्थपणे सांगता येईल, कारण त्यात माझे मत काही नाही, केवळ तारखा आहेत. १७ मे रोजी वेम्बलीच्या मैदानावर क्रिस्टल पॅलेसने मँचेस्टर सिटीला १-० असे हरवून एफ. ए. कप जिंकला. त्या क्लबच्या इतिहासातला तो पहिला मोठा चषक. सिटीची पेनल्टी अडवणारा पॅलेसचा गोलरक्षक होता डीन हेंडरसन. २१ मे रोजी स्पेनमधील बिल्बाओ येथे युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेड टॉटनहॅमकडून १-० असे हरले. आपल्याकडे तो सामना रात्री अकराला सुरू झाला होता. दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असूनही पुष्कळांनी तो शेवटपर्यंत पाहिला. २३ मे रोजी इटलीत नापोलीने काल्यारीला २-० असे हरवून देशाचे अजिंक्यपद मिळवले. पहिला गोल स्कॉट मॅकटॉमिनेने केला, आणि इटालियन लीगचा त्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली.

हेंडरसन आणि मॅकटॉमिने दोघेही युनायटेडच्या अकादमीत, म्हणजे क्लबच्या स्वतःच्या फुटबॉल शाळेत वाढलेले. एकाला २०२३ साली विकले, दुसऱ्याला २०२४ साली. एका आठवड्यात घरच्या दोन मुलांनी परक्याच्या घरी चषक नेला, आणि त्यांचे स्वतःचे घर त्याच आठवड्यात रिकाम्या हातांनी परतले. आपल्या वाडवडिलांची एक म्हण आहे : पिकते तिथे विकत नाही. जो जिन्नस ज्या गावात पिकतो त्याची किंमत त्या गावाला नसते. युनायटेडच्या आजवरच्या पडझडीचे मूळ या म्हणीत आहे असे माझे मत आहे, आणि तेच या लेखात मांडायचे आहे.

पडझड हा शब्द मी उगाच वापरत नाही. ज्या क्लबने देशाचे अजिंक्यपद २० वेळा मिळवले, तो २०२४-२५ च्या मोसमात २० संघांत १५ वा आला. ३८ सामन्यांपैकी १८ हरला आणि ४२ गुण मिळवून कसाबसा उभा राहिला. १९७४ साली हा क्लब दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला होता. त्यानंतर इतका खालचा क्रमांक त्याच्या वाट्याला आला नव्हता. आणि हे कमी होते म्हणून की काय, २७ ऑगस्ट २०२५ रोजी लीग कपमध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबी टाउनने त्याला पेनल्ट्यांवर १२-११ असे बाहेर काढले.

याची कारणे विचारली तर प्रत्येक चाहत्याच्या तोंडी दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर, मालक. अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने २००५ साली कर्ज काढून क्लब विकत घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवले. दुसरे उत्तर, प्रशिक्षक. सर अॅलेक्स फर्ग्युसन १९८६ पासून २०१३ पर्यंत एकाच खुर्चीवर होते. ते गेल्यावर २०२४ अखेरपर्यंत मोयेस, व्हान हाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग आणि आमोरिम असे सहा जण आले. हंगामी नेमणुका वेगळ्याच. एखाद्या शाळेत अकरा-बारा वर्षांत सहा मुख्याध्यापक आले, आणि प्रत्येकाने आल्या आल्या वेळापत्रक, पुस्तके व बाकांची मांडणी बदलली, तर त्या शाळेच्या निकालाबद्दल कोणाही शिक्षकाला नवल वाटणार नाही.

ही दोन्ही उत्तरे खरी आहेत, पण अपुरी आहेत. मालक तेच असताना २००८ साली हाच संघ युरोपचा विजेता झाला होता. प्रशिक्षक तर चेल्सीनेही भराभर बदलले आणि तरीही चषक जिंकले. तेव्हा युनायटेडचे असे खास काय हरवले, हे पाहायला हवे.

त्यासाठी या क्लबची खरी परंपरा कोणती ते आठवावे लागते. ऑक्टोबर १९३७ पासून युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या चमूत अकादमीतून वर आलेला निदान एक खेळाडू राहिला आहे. १५ डिसेंबर २०१९ रोजी एव्हर्टनविरुद्ध अशा सलग ४,००० सामन्यांची मोजणी पूर्ण झाली. मधे एक महायुद्ध होऊन गेले, ओल्ड ट्रॅफर्डवर बॉम्ब पडले, तरी हा धागा तुटला नाही. सर मॅट बझ्बींच्या काळात तरुणांचा एफ. ए. यूथ कप सुरू झाला, तेव्हा पहिली पाचही वर्षे, १९५३ ते १९५७, तो याच क्लबच्या मुलांनी जिंकला. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमान अपघातात २३ माणसे गेली, त्यांत आठ खेळाडू होते. डंकन एडवर्ड्स केवळ २१ वर्षांचा होता. दहा वर्षांनी, मे १९६८ मध्ये, युनायटेडने बेन्फिकाला ४-१ असे हरवून युरोपियन कप जिंकला. त्या चार गोलांपैकी दोन बॉबी चार्ल्टनचे, एक जॉर्ज बेस्टचा आणि एक त्याच दिवशी १९ वर्षांचा झालेल्या ब्रायन किडचा. तिघेही घरचीच मुले.

१९९५ सालीही तसेच झाले. फर्ग्युसन यांनी इन्स, ह्यूज आणि कँचेल्स्किस या तीन नामवंतांना जाऊ दिले आणि त्यांच्या जागी अकादमीतली मुले उभी केली. पहिल्याच सामन्यात अॅस्टन व्हिलाने ३-१ असे हरवले, आणि पोरासोरांच्या जिवावर काही जिंकता येत नसते, असे जाणकारांनी टी.व्ही.वर सांगितले. पुढच्या मे महिन्यात त्याच पोरांनी लीग आणि एफ. ए. कप दोन्ही घरी आणले.

आता २०२४ कडे या. २५ मे २०२४ रोजी युनायटेडने मँचेस्टर सिटीला २-१ असे हरवून एफ. ए. कप जिंकला. दोन्ही गोल अकादमीतून आलेल्या १९ वर्षांच्या मुलांचे, आलेहांद्रो गार्नाचो आणि कोबी मेनू यांचे. इतकी स्पष्ट वाट डोळ्यांसमोर असताना पुढे काय झाले? तीन महिन्यांत मॅकटॉमिने नापोलीला गेला. वर्षभराने बिल्बाओच्या अंतिम सामन्यात गार्नाचो आणि मेनू दोघेही सुरुवातीच्या अकरांत नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये गार्नाचो ४ कोटी पौंडांना चेल्सीला विकला गेला. मँचेस्टरमध्येच जन्मलेला मार्कस रॅशफर्ड आधी अॅस्टन व्हिलाकडे आणि मग बार्सिलोनाकडे उसना दिला गेला.

यामागे नुसता लहरीपणा नाही, हिशेबाची वही आहे. बाहेरून घेतलेल्या खेळाडूची किंमत वहीत त्याच्या कराराच्या वर्षांवर वाटून लिहितात. घरच्या मुलाची खरेदी किंमत शून्य. म्हणून त्याला विकले की आलेला सगळा पैसा त्याच वर्षी नफा म्हणून दाखवता येतो. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे, काही ठराविक खर्च वगळून, तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांहून अधिक तोटा दाखवणे क्लबला परवडणारे नव्हते. आणि २०२३-२४ या एकाच वर्षात युनायटेडचा तोटा ११ कोटी पौंडांवर गेला होता. हा खड्डा बुजवायला सर्वांत सोयीचा माल कोणता? जो घरात वाढला तो. ज्या मुलाला क्लबने लहानपणापासून शिकवले, तोच मुलगा वहीत सर्वांत आधी विकण्याजोगा ठरतो. आणि खड्डा पडला कशाने? बाहेरच्या खरेदीने. २०२२ साली आयाक्सकडून अँटनीला आणायला आठ कोटी पौंडांहून अधिक मोजले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो रेआल बेटिसला उसना द्यावा लागला. मॅकटॉमिनेचे आले सुमारे अडीच कोटी.

काही वाचक म्हणतील, बाई, घरचे म्हणून सगळेच सोने नसते. अगदी मान्य. बेकहॅम घरचाच होता, आणि फर्ग्युसन यांनी २००३ साली त्यालाही रेआल माद्रिदकडे जाऊ दिले. रॅशफर्डचा खेळ शेवटच्या दीड-दोन वर्षांत घसरला होता हे मीही डोळ्यांनी पाहिले आहे. अकादमीतली बहुतेक मुले पहिल्या संघापर्यंत पोचत नाहीत, आणि त्यांना वेळीच दुसरा क्लब शोधून देणे हे त्यांच्याही हिताचे असते. माझा आक्षेप विकण्याला नाही. कोणाला काय येते हे न पाहता, केवळ वहीकडे पाहून विकण्याला आहे.

मॅकटॉमिनेचेच पाहा. युनायटेडमध्ये त्याला बहुतेक वेळा बचावफळीच्या पुढे राखणीला उभे केले जाई. तरीही २०२३-२४ च्या मोसमात त्याने सर्व स्पर्धांत मिळून दहा गोल केले. मुलाचा कल कुठे आहे हे याहून स्पष्ट कोणते मूल सांगणार? नापोलीत अंतोनियो कोंते यांनी त्याला पुढे सरकू दिले आणि त्याने एका लीगमध्येच बारा गोल केले. आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणात पहिल्याच वर्षी शिकवतात की मागच्या बाकावर बसवलेले मूल मंद आहे असे ठरवण्यापूर्वी त्याला पुढच्या बाकावर बसवून पाहावे. नापोलीने एवढेच केले.

इंग्लंडमधल्या क्लबची ही कथा मॉरिशसच्या मराठी पानावर कशाला, असे कोणी विचारील. कारण ती आपल्या मुलांसमोर दर आठवड्याला घडते आहे, आणि मुले त्यातून काहीतरी शिकत आहेत. वर्गात मी पाहते. संघ जिंकत असला की त्याचा शर्ट अंगावर, हरू लागला की शर्ट बदलतो. हे बालसुलभ आहे, त्याचे फारसे दुःख नाही. पण परवा-तेरवापर्यंत आपल्यातलाच असलेला खेळाडू म्हणजे वहीतला एक आकडा, आणि बाहेरून येणारा तो मोठा, हा धडा मात्र मला सलतो. तो धडा आपल्या बेटाला नवा नाही.

आपल्या स्वतःच्या फुटबॉलचे काय झाले? आपला संघ १९७४ साली इजिप्तमध्ये आफ्रिकन कपपर्यंत पोचला होता. १९८५ आणि २००३ साली हिंदी महासागरी बेटांच्या खेळांत त्याने सुवर्णपदक मिळवले. मधे २३ मे १९९९ च्या रात्री स्काउट्स आणि फायर ब्रिगेड यांच्या सामन्यानंतर दंगल झाली, पोर्ट लुईच्या लामिकाल क्लबला आग लावली गेली आणि सात जणांचा बळी गेला. त्यानंतर जातीधर्मावर उभे असलेले क्लब मोडून प्रदेशवार क्लब आले. ते योग्यच झाले. माणसे जाळून कोणताही खेळ जगवायचा नसतो. परंतु जुने क्लब गेले आणि प्रेक्षकही गेले ते पूर्वीसारखे परतले नाहीत. आज आपल्या मुलांना मँचेस्टरच्या राखीव गोलरक्षकाचे नाव पाठ असते, आणि आपल्याच जिल्ह्याच्या संघाचा कप्तान कोण हे ठाऊक नसते. मालकांना नावे ठेवताना आपण स्वतः काय करतो हेही पाहावे. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण क्युरपीपच्या मैदानालाही लागू पडते.

मग चाहत्याने काय करावे? संघ सोडावा असे मी म्हणणार नाही. १९७४ साली युनायटेड खाली गेला तेव्हाही चाहते ओल्ड ट्रॅफर्डला जातच राहिले, आणि संघ वर्षभरात वर आला. परंतु निष्ठा म्हणजे डोळे मिटून टाळ्या वाजवणे नव्हे. दरवर्षी खरेदीचा मोसम आला की आपण सारे एकच प्रश्न विचारतो : यंदा कोण येणार? या प्रश्नावरच मालकांचा धंदा चालतो. कोट्यवधींचा नवा खेळाडू आला की नवा शर्ट खपतो, आणि पंधरावा क्रमांक विसरला जातो. आपण दुसरा प्रश्न विचारायला लागू या : यंदा घरातला कोण चालला, आणि त्याला पुढच्या बाकावर बसवून पाहिले होते का? हजारो मैलांवरून विचारलेल्या आपल्या प्रश्नाला मँचेस्टरमध्ये किती वजन असेल ते असो. पण तो घरात मोठ्याने विचारला, तर शेजारी बसून सामना पाहणाऱ्या मुलाच्या कानावर तरी पडेल. आणि येत्या रविवारी गावच्या मैदानावर आपल्याच पोरांचा सामना असला, तर तासभर तिकडेही जाऊन यावे. तिथे जागा मिळणार नाही अशी भीती नाही.