पाटणादेवीच्या कुंडांवर डबा न लपवता 'जिओकॅशिंग'ला परवानगी मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. विभागीय वन अधिकारी (वन्यजीव),
छत्रपती संभाजीनगर.
द्वारा : मा. वनपरिक्षेत्र अधिकारी (वन्यजीव), चाळीसगाव.

विषय : गौताळा औट्रमघाट अभयारण्यात डबे लपवण्यास बंदी घालून, तिथल्या पाटणादेवी येथील केदारकुंड व धवलतीर्थ या कुंडांच्या परिसरात केवळ निरीक्षणावर आधारित शोधखेळास परवानगी देणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे चाळीसगाव, जळगाव व धुळे येथील शिक्षक, विद्यार्थी आणि डोंगरभटके नागरिक हे निवेदन आपणांस सादर करीत आहोत.

अमेरिकेने 2 मे 2000 रोजी जीपीएसच्या नागरी संकेतांतली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून सुरू झालेला हा 'जिओकॅशिंग'चा खेळ आज जगभर खेळला जातो. कोणी डबा लपवतो, बाकीचे मोबाइल घेऊन तो शोधतात आणि आतल्या वहीत नाव लिहून डबा होता तसा ठेवतात. आपल्याकडची तरुण मुले मोबाइलवर वाट काढत डोंगर चढू लागली आहेत. हा खेळ पाटणादेवीला यायचाच आहे. तो बेशिस्तीने यायच्या आधी आपल्या खात्याने त्याला शिस्त लावावी, यासाठी हे निवेदन आहे.

डब्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. परदेशातल्या जंगलात डबा सापडला तर तो खेळ ठरतो. आपल्या भागात जुन्या देवळाजवळ जमिनीतून डबा निघाला, एवढी बातमी गावात पोचली की गुप्तधनाची आवई उठायला एक रात्र पुरते. त्यानंतर कुदळ घेऊन कोण येईल आणि कोणत्या मूर्तीखाली खणेल, हे कोणालाच सांगता येणार नाही. पाटण्याचे महेश्वर मंदिर आणि वरच्या अंगाची पितळखोरा लेणी ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारके आहेत. तिथे एक दगड हलला तरी नुकसान कायमचे. चंडिकादेवीच्या (पाटणादेवीच्या) देवळातला शिलालेख तर साऱ्या मराठी माणसांचा ठेवा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ राजवंशातील सोइदेवाने शके 1128 मध्ये त्याला दान दिले, याची नोंद त्यात आहे. बाजारातल्या मालावर मठासाठी ठरवून दिलेला वाटा त्याच लेखाच्या अखेरीस मराठीत कोरला आहे.

दुसरे कारण तांत्रिक आहे. अरुंद दरीत उपग्रहाचा संकेत कड्यावर आपटून येतो आणि मोबाइलवरचा ठिपका खऱ्या जागेपासून कितीतरी सरकतो. मग शोधणारा त्या घेरातला प्रत्येक दगड उलटतो, प्रत्येक कपारीत हात घालतो. दगडाखाली विंचू असतो, साप असतो, कड्याला आग्यामोहोळ असते. पाण्याकाठचे शेवाळ आणि नेचे तुडवले जातात ते वेगळेच.

डबा नसतानाही हा खेळ तितकाच रंगतो. 2004 पासून भूशास्त्रीय जागांसाठी याचा एक प्रकार जगात चालतो, त्यात काहीच लपवलेले नसते. ठरलेल्या जागी जायचे, नीट पाहायचे आणि प्रश्नाचे उत्तर पाठवायचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतही डब्यांना सहसा मज्जाव असतो, पण हा प्रकार चालतो. आपल्याकडे प्रश्न असे असतील : कड्यावर पावसाळी पाण्याची रेघ कुठवर चढली आहे? खडकातल्या भोकांत पांढरे स्फटिक आहेत का? दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो का, आणि पाणी त्याच्या वरून झिरपते की खालून? काळ्या पाषाणात मुरलेले पाणी अशा घट्ट पट्ट्यावर अडून आडवे वाहते आणि कड्यातून झिऱ्यासारखे बाहेर पडते, हे चौदा वर्षांच्या मुलाने स्वतः बोट ठेवून पाहिले की त्याला पुन्हा शिकवावे लागत नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 28 खालील परवान्याच्या चौकटीत आपण स्वतः या शोधाच्या जागा ठरवाव्यात. प्रत्येक जागा सध्याच्या पायवाटेवरच असावी. जिथून कुंड दिसते तिथेच माणसाने थांबावे, कुंडात उतरू नये. डबा, कुपी, चिठ्ठी, रंगाची खूण यांतले काहीही अभयारण्यात ठेवण्यास मनाई असल्याचा मराठी फलक प्रवेशद्वारावर लावावा. जमिनीच्या व्यवस्थापकाची परवानगी घ्यावी आणि खणून काही पुरू नये, हा या खेळाचा स्वतःचाच नियम आहे. त्यामुळे खेळणाऱ्यांची तक्रार असण्याचे कारण नाही.

आलेली उत्तरे वाया जाऊ नयेत, ही मागणी आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. दोन्ही कुंडांजवळ वाटेवरून वाचता येईल अशी पाण्याची पट्टी बसवावी आणि येणाऱ्या प्रत्येकाने तारीख, वेळ व पातळी कळवावी. त्याची नोंदवही चाळीसगाव परिक्षेत्र कार्यालयात राहावी. कोणत्या महिन्यात धार बारीक होते, कधी तुटते, हे चार-पाच वर्षांत कागदावर येईल. याच कायद्याचे कलम 29 अभयारण्यातले पाणी परवान्याशिवाय वळवण्यास आणि अडवण्यास मनाई करते. प्रवाह मुळात किती होता याची नोंद असेल, तर तो घटल्याची तक्रार पुराव्यानिशी करता येईल.

फाल्गुनापासून पहिल्या दमदार पावसापर्यंत पाणवठ्यांजवळच्या जागा बंद ठेवाव्यात. तेव्हा ते पाणी बिबट्याचे, रानडुकराचे आणि मोरांचे असते. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघही मार्च 2021 मध्ये गौताळ्यात कॅमेऱ्यात दिसला होता. सायंकाळनंतर, तसेच नवरात्र व चैत्राच्या यात्रेत शोध नसावा. अतिवृष्टीचा इशारा असलेल्या दिवशी परवाना आपोआप रद्द समजावा. 31 ऑगस्ट 2021 ला याच डोंगरातल्या पावसाने डोंगरी आणि तितूर नद्यांना पूर येऊन चाळीसगावात पाणी शिरले, कन्नड घाटात दरड कोसळली. ती सकाळ चाळीसगावकर विसरलेले नाहीत.

वाटाडे म्हणून पाटणा गाव आणि लगतच्या वस्त्या-तांड्यांवरील तरुणांनाच घ्यावे, शुल्कातला ठरावीक हिस्सा त्यांना मिळावा. प्रश्न तयार करणे, ते तपासणे आणि पहिल्या वर्षीची नोंदवही ठेवणे ही कामे आम्ही विनामोबदला करू.

येत्या पावसाळ्यापूर्वी आपण, पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रतिनिधी आणि आम्ही अशी एकत्र पाहणी पाटणादेवी येथे ठेवावी व तिची तारीख आम्हांस लेखी कळवावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
चाळीसगाव, जळगाव व धुळे येथील सह्या करणारे नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, जळगाव
मा. अधीक्षक पुरातत्त्वविद, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, छत्रपती संभाजीनगर मंडळ