घरी बसलेले मत कोणी मोजत नाही

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष नोव्हेंबरमध्ये निवडला जातो, हे आपल्याला माहीत असते. पण त्या दिवशी मतपत्रिकेवर जी दोन मोठी नावे असतात, ती त्याआधी काही महिने चाललेल्या प्रायमरीत ठरतात. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, तिथे ते पक्षाचे सामान्य मतदार देतात. निदान नियम तसा आहे.

प्रत्यक्षात हा अधिकार फार थोडे लोक वापरतात. २०१६ च्या प्रायमरीत दोन्ही पक्ष मिळून शंभर पात्र मतदारांपैकी जेमतेम २८-२९ जणांनी मत दिले, आणि तरीही ते वर्ष चांगल्या मतदानाचे समजले जाते. त्या वर्षी डोनाल्ड ट्रम्प यांना रिपब्लिकन प्रायमरीत सुमारे १ कोटी ४० लाख मते मिळाली. पात्र मतदारांच्या हिशेबात हे शंभरातले सहा-सात लोक. एवढ्यांच्या पसंतीवर अख्ख्या देशासमोरचा एक पर्याय ठरला. जिथे थोडेच लोक येतात, तिथे येणाऱ्याचे वजन वाढते. अल्पसंख्याकांनी हा हिशेब नीट समजून घ्यावा असे मला वाटते.

मग लोक येतात कशामुळे? उमेदवाराच्या करिष्म्यामुळे, असे सोपे उत्तर दिले जाते. उदाहरण बराक ओबामांचे. आयोवा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॉकसला, म्हणजे मतदारांच्या प्रत्यक्ष बैठकांना, २००४ मध्ये सुमारे सव्वा लाख लोक आले होते. जानेवारी २००८ मध्ये हा आकडा जवळजवळ दुप्पट झाला. भाषणांचा त्यात वाटा होताच. पण ओबामांचे कार्यकर्ते नेहमीच्या मतदारांवर थांबले नाहीत. विद्यार्थी, कोणत्याच पक्षाचे नसलेले लोक, पूर्वी कधीच कॉकसला न गेलेले लोक, अशांपर्यंत ते गेले. नोव्हेंबरपर्यंत १८ पूर्ण होणार असतील, तर १७ वर्षांच्या मुलांनाही तिथे भाग घेता येतो. त्यांनाही त्यांनी सोडले नाही.

उलट अनुभव बर्नी सँडर्स यांचा. २०२० मध्ये त्यांच्या सभांना तरुणांची तुडुंब गर्दी होत असे. मार्चमध्ये एकाच दिवशी बऱ्याच राज्यांत मतदान झाले, तेव्हा ती गर्दी अपेक्षेइतकी केंद्रांवर पोहोचली नाही, आणि हे त्यांनी स्वतः मान्य केले. टाळ्या आणि लाइक मतपेटीत पडत नाहीत.

आता मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्न शहराकडे वळू. डेट्रॉइटला लागून असलेले हे शहर अरब आणि मुस्लिम वस्तीसाठी प्रसिद्ध आहे. २०१६ च्या प्रायमरीत मिशिगनमध्ये हिलरी क्लिंटन आरामात जिंकतील असे सर्व चाचण्या सांगत होत्या. जिंकले सँडर्स, आणि डिअरबॉर्ननेही त्यांनाच कौल दिला. मुस्लिमबहुल वस्ती एका ज्यू उमेदवाराला मत देते, याचे अनेकांना नवल वाटले. मला यात नवलासारखे काही दिसत नाही. इराकवरील युद्धाच्या ठरावाला सँडर्स यांनी विरोध केला होता, क्लिंटन यांनी पाठिंबा दिला होता. मतदारांनी नाव आणि धर्म न पाहता भूमिका पाहिली. मुसलमान फक्त ‘आपल्या माणसा’ला मत देतात, असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर पाहावा. आपल्यातल्या तसे मानणाऱ्यांनीही पाहावा.

त्याच शहराने २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. २०२० मध्ये डिअरबॉर्नने जो बायडन यांना भरभरून मते दिली होती. गाझावरील हल्ल्यांच्या काळात मात्र तिथे प्रचंड संताप होता. घरी बसणे सोपे होते. पण मिशिगनच्या प्रायमरीत ‘अनकमिटेड’, म्हणजे ‘अद्याप कोणालाही बांधील नाही’, असा पर्याय असतो. खासदार रशिदा तलैब आणि महापौर अब्दुल्ला हम्मूद यांनी तो निवडण्याचे आवाहन केले. आयोजकांचे लक्ष्य १० हजार मतांचे होते. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी हे राज्य साधारण तेवढ्याच फरकाने जिंकले होते. २७ फेब्रुवारीला मते पडली एक लाखाहून जास्त, सुमारे १३ टक्के. डिअरबॉर्नमध्ये तर हा पर्याय बायडन यांच्या पुढे गेला. विद्यापीठाच्या ॲन आर्बर शहरातल्या तरुणांनीही साथ दिली, म्हणून तो केवळ मुसलमानांचा प्रश्न उरला नाही.

आपल्याकडे २०१३ पासून ‘नोटा’ आहे. पण लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मते पडली तरी सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार निवडून येतो. तिथे १५ टक्क्यांची पातळी ओलांडली की पक्षाच्या अधिवेशनात प्रतिनिधी मिळतात. मिशिगनमधून दोन मिळाले, इतर राज्ये धरून सुमारे तीस जण शिकागोच्या अधिवेशनात पोहोचले.

पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. व्यासपीठावरून एका पॅलेस्टिनी-अमेरिकन व्यक्तीला बोलू द्या, एवढी साधी मागणीही पक्षाने नाकारली. धोरण बदलले नाही. नोव्हेंबरमध्ये डिअरबॉर्नची मते तिघांत विभागली गेली, ट्रम्प पहिले आले आणि राष्ट्राध्यक्षही झाले. मग हा सगळा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल.

माझे उत्तर असे: एक लाख माणसे नुसती घरी बसली असती, तर त्यांना ‘उदासीन’ म्हणून एका ओळीत निकालात काढले गेले असते. न मागता एकगठ्ठा मत दिले असते, तर ते गृहीत धरले गेले असते. त्यांनी मतासोबत मागणी जोडली, म्हणून ती मोजली गेली. मोजले जाणे म्हणजे जिंकणे नव्हे, पण न मोजता कोणी जिंकत नाही. उणीव राहिली ती त्या दबावाची. फेब्रुवारीतला आवाज नोव्हेंबरपर्यंत आणि त्यानंतरही टिकेल अशी संघटना बांधायला वेळ लागतो, आणि ते काम निवडणूक नसताना करायचे असते.

आपल्याकडे प्रायमरी नाही. तरीही तिकीटवाटपाआधी इच्छुकांना मोहल्ल्यात बोलावून शाळा, पाणी, शिष्यवृत्ती यांवर प्रश्न विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. मशिदीबाहेरच्या किंवा पक्ष कार्यालयातल्या आदेशाची वाट पाहण्यापेक्षा हे बरे. आधी मतदार यादीत आपले आणि घरातल्या बायकांचे नाव आहे का, तेवढे या आठवड्यात पाहा.