बंदी विमानात, मोकळीक बाजारात

तंजावरच्या धावपट्टीवर जानेवारी 2020 पासून हवाई दलाच्या सुखोई-30 विमानांची तुकडी तैनात आहे. सामान्य प्रवाशाला मात्र विमान गाठायचे तर साठेक किलोमीटरवरचे तिरुचिरापल्ली गाठावे लागते. तिथून सिंगापूर, क्वालालंपूर आणि आखाती देशांकडे थेट विमाने जातात. कावेरीच्या खोऱ्यातले कामगार, विद्यार्थी, परदेशातल्या मुलांकडे निघालेले आईवडील हे त्यांतले नेहमीचे प्रवासी. तिकीट फोनमध्ये, व्हिसाची प्रत फोनमध्ये, उतरल्यावर न्यायला येणाऱ्याचा नंबरही फोनमध्येच. त्यामुळे पॉवर बँक ही त्यांच्या दृष्टीने गरजेची वस्तू आहे. सिंगापूर एअरलाइन्स आणि तिची भगिनी कंपनी स्कूट यांनी 1 एप्रिल 2025 पासून विमानात पॉवर बँकेचा वापर बंद केला. म्हणजे भारताचा नियम येण्याआधीच तिरुचिरापल्लीहून स्कूटने सिंगापूरला निघालेल्यांना ही बंदी पाळावी लागली होती.

भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये परिपत्रक काढले. पॉवर बँक केवळ हातातल्या सामानात न्यायची, डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही आणि विमानात तिच्यावर फोन चार्ज करायचा नाही. आम्ही या नियमाच्या पूर्णपणे बाजूने आहोत. 28 जानेवारी 2025 रोजी दक्षिण कोरियात बुसानजवळच्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचे विमान हाँगकाँगला निघण्याच्या तयारीत असताना त्याच्या वरच्या कप्प्यातून आग भडकली. आतल्या सर्व 176 जणांना बाहेर काढता आले, विमान मात्र जळून गेले. एका पॉवर बँकेतले विद्युतरोधक आवरण निकामी झाल्याने आग लागली असावी, असा प्राथमिक निष्कर्ष तपासयंत्रणेने मार्चमध्ये मांडला. हेच आकाशात घडले असते तर? 19 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानातही समोरच्या आसनाच्या खिशात ठेवलेल्या उपकरणाने पेट घेतला. विमान अजून जमिनीवरच होते आणि कर्मचाऱ्यांनी ती आग लगेच विझवली.

लिथियम बॅटरीची आग वेगळी असते. आतला एक सेल तापला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. ज्वाळा विझल्या तरी आत उष्णता वाढत राहते आणि बॅटरी पुन्हा भडकते, म्हणून ज्वाळा विझवून झाल्यावर भरपूर पाणी ओतून ती गार करावी लागते. हे काम हात पोचेल तिथेच होऊ शकते. विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात कोणी पोचू शकत नाही आणि बंद कप्प्यातला धूर उशिरा दिसतो.

पण याच ठिकाणी अंमलबजावणी ढिली पडते. छोट्या एटीआर विमानांत वरचे कप्पे अपुरे असतात. दारापाशी प्रवाशाची हातातली बॅग घेऊन ती खाली सामानात पाठवली जाते, आणि तिच्यातली पॉवर बँकही तिच्याबरोबर जाते. बॅग घेताना प्रत्येकाला थांबवून, त्याच्या भाषेत विचारले पाहिजे. तंजावरी मराठी घरांत आजही मराठी बोलली जाते, पण वाचणे-लिहिणे बहुतेकांचे तमिळमध्येच आहे. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या शेजाऱ्यांसाठी इंग्रजी-हिंदी सूचना पुरेशी नाही, तमिळ हवी. आणि विमानात चार्जिंगला मनाई करायची असेल तर बोर्डिंग गेटसमोरच्या प्रतीक्षा कक्षात चालू स्थितीतले, पुरेसे प्लग देणे हे विमानतळाचे कर्तव्य ठरते.

मर्यादेचा हिशेबही सामान्य माणसाला अवघड करून ठेवला आहे. नियम वॉट-अवरमध्ये बोलतो: 100 पर्यंत मुभा, 100 ते 160 साठी कंपनीची परवानगी, त्यापुढे मनाई. वेष्टनावर ठळक अक्षरांत असतात ते मिलिअँपिअर-अवर. 20,000 ची पॉवर बँक 3.7 व्होल्टच्या हिशेबाने 74 वॉट-अवरची होते, हे गुणाकार-भागाकार करून प्रवाशाने का काढायचे? वॉट-अवरचा आकडा मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती उत्पादकावर करा.

आमचा खरा आक्षेप याच्याही अलीकडचा आहे. प्रवाशाच्या पिशवीत पोचण्याआधी ती वस्तू कुठल्या तरी दुकानात विकली गेलेली असते. आपल्याकडे पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. तरीही बसस्थानकाबाहेरच्या टपरीवर नोंदणी क्रमांक नसलेला, फुगवलेल्या आकड्यांचा माल उघड विकला जातो. चीनने 28 जून 2025 पासून देशांतर्गत विमानांत प्रमाणन चिन्ह नसलेल्या पॉवर बँकांना बंदी केली. त्याच महिन्यात रोमॉस कंपनीने तिथे जवळपास पाच लाख आणि अँकरने अमेरिकेत अकरा लाखांहून अधिक पॉवर बँका परत मागवल्या. आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचे अधिकार दिले आहेत. बॅटरी कचऱ्याची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. पण फुगलेली पॉवर बँक नेमकी कुठे नेऊन द्यायची, हे तंजावरच काय, पुण्या-मुंबईच्या ग्राहकालाही कोणी सांगत नाही. मग ती घरातच पडून राहते आणि एखाद्या प्रवासात पुन्हा पिशवीत येते.

तपासणी नाक्यावर प्रवाशाला अडवणे सोपे आहे, पण तेवढ्याने विमान सुरक्षित होत नाही. महासंचालनालयाने विमानापुरते आपले काम केले. आता मानक ब्युरोने टपऱ्यांवर आणि ऑनलाइन विक्रेत्यांवर धाडी घालाव्यात, ग्राहक प्राधिकरणाने सदोष माल परत मागवण्याचे आदेश काढावेत आणि प्रत्येक विक्रेत्याने जुन्या पॉवर बँका परत घ्याव्यात. प्रवाशांनाही आमची विनंती आहे. फुगलेली, पडून चेपलेली किंवा चार्ज करताना चटका बसण्याइतकी तापणारी पॉवर बँक प्रवासात नेऊ नका. विमानात बसल्यावर ती तापल्याचा वास आला तर नियम मोडल्याच्या भीतीने लपवू नका, त्याच क्षणी कर्मचाऱ्यांना सांगा.