आभाळातले दगड आणि फॉर्मची शेवटची तारीख

मागच्या महिन्यातली गोष्ट. मुरूमगावकडच्या एका गावातली पोरगी वडिलांसोबत दुकानात आली. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगर्भशास्त्र, शहरात होस्टेलवर राहून शिकते. मोबाईलमधला एक स्क्रीनशॉट दाखवून म्हणाली, "भाऊ, हा फॉर्म भरून द्या."

पाहतो तर 'जॅम'चा फॉर्म. आयआयटीत एमएस्सीला प्रवेश मिळतो ना, त्या परीक्षेचा. धानोऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकून मला आता बरीच वर्षं झाली. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, आयटीआय, जातपडताळणी, पीकविमा, सगळे फॉर्म तोंडपाठ आहेत. जॅमचा फॉर्म घेऊन कोणी आलं ते पहिल्यांदाच. खरं सांगतो, मला आनंद झाला. मी स्वतः भूगर्भशास्त्र घेऊन बीएस्सी झालो आणि तिथंच थांबलो. खुर्ची ओढून बसलो, साईट उघडली.

तारीख संपून आठ दिवस झाले होते.

वडिलांना पटेना. "मंग लेट फी भरून होत नाही काय?" नाही होत. "मंग आता?" आता पुढच्या वर्षी. "वर्षभर घरी बसवून ठेवू काय तिला?" यावर मी काय बोलणार? पोरगी गप्प होती. मी विचारलं, हे डोक्यात कुठून आलं तुझ्या? म्हणाली, पहिल्या वर्षाला असताना चंद्रयान-३ उतरताना पाहिलं. नंतर वर्गात सरांनी सांगितलं की चंद्राचा अभ्यास म्हणजे शेवटी दगडाचाच अभ्यास आहे. जॅमबद्दल तिला वर्गमैत्रिणीच्या भावाकडून कळलं, तेही उशिरा. नोटीस बोर्डावर काही लागलं होतं का? नाही. जाताना वडिलांनी पोलीस भरतीचे फॉर्म कधी निघतात ते विचारून घेतलं.

तेव्हापासून हे डोक्यात फिरतंय, म्हणून लिहितो. पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरी अकरावी-बारावीत किंवा बीएस्सीला पोरगं-पोरगी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी एक गैरसमज काढू. ग्रहविज्ञान म्हटलं की आपल्याला रॉकेट, दुर्बीण आणि गणितात शंभरपैकी शंभर घेणारी पोरं आठवतात. ते आहेच. पण ग्रहांचा अभ्यास करणाऱ्यांत मोठा वाटा दगड ओळखणाऱ्यांचा असतो. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम उतरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर प्रज्ञान रोव्हरने काय केलं ते किती जणांनी वाचलं? त्याच्यावर अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने, म्हणजे पीआरएलने, बनवलेलं एक यंत्र होतं. त्याने उतरल्या जागेभोवती २३ ठिकाणी मातीची रासायनिक मोजणी केली. त्यावरचा निबंध ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. तिथली माती फेरोअन अ‍ॅनॉर्थोसाइट जातीच्या खडकाची निघाली. चंद्र सुरुवातीला वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, या कल्पनेला त्यातून बळ मिळालं. अ‍ॅनॉर्थोसाइट हे नाव आपली बीएस्सीची पोरं दुसऱ्या वर्षी पाठ करतात. मार्कांसाठी करतात आणि विसरतात. त्या शब्दाला चंद्रापर्यंतचा रस्ता आहे हे कोणी सांगत नाही.

पुढचं काम तर आणखी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चंद्रयान-४ ला मंजुरी दिली, खर्च २,१०४ कोटी. यात चंद्रावरची माती-दगड इथं आणायचे आहेत. त्याच वेळी शुक्राभोवती फिरणाऱ्या यानालाही मंजुरी मिळाली, १,२३६ कोटी. नंतर मार्च २०२५ मध्ये जपानसोबतच्या चंद्रयान-५ ला. दगड आणले की ते कापणारे, घासून पातळ करणारे, सूक्ष्मदर्शकाखाली बघणारे हात लागणार. आज जी पोरं बारावीत आहेत ती तोवर संशोधनाच्या वयात येतील.

"हे आपल्या इकडचं काम नाही" असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. आभाळ आपल्याच दारात येऊन पडतं, बाप्पा!

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवते ना? आकाशातून जळते निखारे ओळीने गेले, कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला जवळपास तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडले. ते उल्का नव्हतेच. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असं अंतराळातल्या वस्तूंचा हिशेब ठेवणारे जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगेच सांगितलं. नंतर इस्रोची माणसं येऊन तपासणी करून गेली. आपण काय केलं? कड्याजवळ उभं राहून फोटो काढले. मीही गेलो असतो तर काढलाच असता. पण आपल्या दोन जिल्ह्यांतल्या किती कॉलेजांनी पोरांना तिकडे नेऊन विचारलं असेल, हा धातू जळला का नाही, गोळेच का शाबूत राहिले, खरी अशनी आणि हे यांतला फरक कसा ओळखायचा?

आणि खरी अशनीही पडलीच आहे, आपल्या विदर्भात. २२ मे २०१२, भर उन्हाळ्याची दुपार, नागपूर जिल्ह्यातलं काटोल. मोठा आवाज झाला आणि शेता-वस्तीत काळी साल असलेले दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी तुकडे गोळा केले. एल-६ जातीची अशनी निघाली. त्या दगडाचं पुढे काय झालं ते ऐका. आयआयटी खरगपूरच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यात ब्रिजमनाइट नावाचं खनिज शोधलं आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात ते छापून आलं. ब्रिजमनाइट म्हणजे पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरच्या खाली सर्वांत जास्त असलेलं खनिज. तिथं माणूस जाऊ शकत नाही, ड्रिलही जात नाही. तेच काटोलच्या दगडात सापडलं, कारण अंतराळात कधीतरी त्या दगडाला प्रचंड टक्कर बसली होती आणि तेवढा दाब त्याने सोसला होता. संत्र्याच्या मुलखात पडलेला दगड जगाला पृथ्वीच्या पोटातलं सांगून गेला.

लोणारचं तर विचारूच नका. बुलढाणा जिल्ह्यात, काळ्या बेसाल्टमध्ये, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. चंद्राचे काळे डाग आणि मंगळाचा बराच पृष्ठभाग बेसाल्टचाच, म्हणून तिकडची विवरं समजून घ्यायला जगभरचे लोक लोणारला येतात. त्याच्या वयावर अजून वाद आहे. एका पद्धतीने बावन्न हजार वर्षं येतं, दुसरीने पाच लाख सत्तर हजार. दहापटीचा फरक! म्हणजे काम शिल्लक आहे. आपण मात्र लोणारला शैक्षणिक सहल नेतो, देवळं बघतो, डबा खातो, परत येतो.

आपल्या आजीला विचारा, सप्तर्षीला ती खाट म्हणेल आणि मागच्या तीन ताऱ्यांना खाट पळवायला आलेले चोर. मृग नक्षत्रात तिला नांगर दिसतो. गोंडांच्या या आकाशज्ञानावर टीआयएफआरचे मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गावोगाव फिरून माहिती गोळा केली आणि २०१३ मध्ये खगोलशास्त्राच्या इतिहासाच्या नियतकालिकात छापली. आणि ज्या जुन्या महाखंडाचं नाव जगभरच्या पुस्तकांत आहे, गोंडवाना, ते आपल्याच मुलखावरून पडलेलं. नाव आपलं आहे, अभ्यास मात्र दुसरे करतात. त्यात त्यांची चूक नाही.

आता वाटा कोणत्या ते सांगतो. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून महिने लक्षात ठेवा.

नववीतल्या पोरांसाठी इस्रोचा 'युविका' कार्यक्रम आहे, २०१९ पासून. अर्ज बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये. निवड झाली तर इस्रोच्या केंद्रावर सुमारे दोन आठवडे राहणं, खाणं, शिकणं, प्रवासखर्चासह. आठवीचे मार्क बघतात, पण विज्ञान प्रदर्शन, खेळ, स्काउट, एनसीसी यांचेही गुण धरतात आणि खेड्यातल्या शाळेला वेगळे गुण आहेत. म्हणजे पहिल्यांदाच खेड्यात असण्याचा फायदा! शाळेने हे आठवीतच सांगायला पाहिजे, नववीत सांगून प्रमाणपत्रं कुठून आणणार?

कॉलेजच्या पोरांसाठी देहरादूनची आयआयआरएस संस्था फुकट ऑनलाइन कोर्स चालवते. इस्रोचा 'स्टार्ट' नावाचा ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे, पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आणि एमएस्सीच्या पोरांसाठी. त्यासाठी कॉलेजने स्वतः पुढे येऊन नाव नोंदवावं लागतं. इथंच गाडी अडते. पोरगं तयार असतं, कॉलेजचा ईमेल उघडलेला नसतो.

जॅमचा फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत. भूगर्भशास्त्राचा वेगळा पेपर असतो आणि तिसऱ्या वर्षात असतानाच देता येतो. एमएस्सीनंतर नेट किंवा गेट. पीआरएलसारख्या संस्थेत पीएचडीला याच दाराने जातात. ज्युनियर फेलोशिप सध्या महिन्याला ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाच्या वर्षाला ७५० फेलोशिप आहेत. परदेशात शिकायला वर्षाला २० जागा, आणि त्यांतल्या ३ आदिम जमातींसाठी राखीव. आपले माडिया गोंड त्यात बसतात. अख्ख्या देशात तीन जागा, आणि भामरागडच्या पोराला त्याचा हक्क आहे, हे भामरागडमध्ये किती जणांना ठाऊक आहे?

आणि ज्याच्याकडे कॉम्प्युटर आणि बरं नेट आहे त्याला आजपासूनच सुरुवात करता येते. इस्रोच्या 'प्रदान' साईटवर चंद्रयान-२ ने पाठवलेला डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. नाव नोंदवा आणि उतरवून घ्या. त्यातल्या एका कॅमेऱ्याला चंद्रावरचा २५-३० सेंटिमीटरचा दगड दिसतो. आपल्याकडून नागपूरला जाण्यापेक्षा चंद्राचा फोटो उघडणं स्वस्त पडतं, फक्त टॉवरला रेंज पाहिजे.

"आधी पोटाचं बघा, मग चंद्राचं," असं माझेच मित्र म्हणतील. बरोबर आहे. मी कोणाला पोलीस भरती सोड म्हणत नाही. माझं दुकान त्यावरच चालतं. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, नंतर नोकरीची खात्री नाही, इंग्रजीचा जाच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण भूगर्भशास्त्रात परतीचा रस्ता आहे. यूपीएससीची भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा असते, त्यातून जीएसआय आणि केंद्रीय भूजल मंडळ. चंद्रपूरकडे वेकोलिच्या खाणी, नागपूरला एमईसीएल, राज्याची भूजल यंत्रणा. सुरजागडचं लोखंड तर रोज आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवरून जातं. त्या खाणीत आपल्या पोराला फक्त डंपर चालवायला मिळावा, एवढीच आपली अपेक्षा का? भूवैज्ञानिकाची खुर्चीही तिथं असते.

माझी मागणी लहान आहे. तालुक्यातल्या प्रत्येक शाळा-कॉलेजात एका शिक्षकावर ही जबाबदारी नावानिशी द्या, की अशा सूचना आल्या की त्या दिवशीच फळ्यावर लागतील. गोंडवाना विद्यापीठाने भूगर्भशास्त्रात ग्रहांवरचा एखादा ऐच्छिक पेपर ठेवावा आणि पोरांना लोणारला चार दिवस खरं काम करायला न्यावं, नागपूरला इस्रोचं दूरसंवेदन केंद्र आहे तिथं न्यावं. आणि ग्रामसभांना विनंती: मेंढा (लेखा) ने अभ्यासगट काय असतो ते आपल्याच तालुक्यात करून दाखवलंय. बांबू-तेंदूच्या पैशातून एक लॅपटॉप आणि वर्षाला दोन-तीन पोरांच्या परीक्षेचा प्रवासखर्च निघू शकतो. ठरावाचा मसुदा पाहिजे असेल तर मी टाईप करून देतो, पैसे घेणार नाही.

त्या पोरीला परवा फोन केला. परीक्षा पुढच्या वर्षी देते म्हणाली, पण वडील अजून तयार नाहीत. येत्या रविवारी मी तिच्या गावी जाणार आहे. त्यांच्या ओळखीचं कोणी ही पोस्ट वाचत असेल तर सोबत चला, एकट्याचं ते ऐकायचे नाहीत.

दुकानाच्या दारावर मी एक फळा लावलाय. वरच्या तारखा निघाल्या की तिथं खडूने लिहिणार आहे. बसस्टँडकडे जाता-येता बघत जा. या यादीत माझ्याकडून काही राहिलं असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, फळ्यावर जागा आहे.