सागाचे आई-वडील कोण?

रुग्णाला आम्ही डॉक्टर घरच्यांचे आजार विचारतो. सागाचं रोप घेताना मात्र कुणी विचारत नाही. वर्धा जिल्ह्यात बोरच्या जंगलात साग मुळचाच. शेतकरी धुऱ्यावरही लावतात. रोपाची उंची पाहतात, भाव करतात. पण कपाशीचं बियाणं फसलं तर हंगाम जातो. सागाचं फसलं तर वीस-पंचवीस वर्षं.

सागाचा तुरा शेंड्यावर येतो. पहिला तुरा आला की तिथली सरळ वाढ थांबून झाड फाटतं. जे लवकर फुलतं ते खालीच फाटतं, आणि सरळ सोट आखूड राहतो. बी वेचायला मात्र अशी ठेंगणी, फांद्याळ झाडंच सोपी! सोयीनं वेचलेल्या बियांतून तोच दोष पुढे जाऊ शकतो.

म्हणून वनशास्त्रज्ञ उंच, सरळ, निरोगी झाडं निवडून त्यांच्या कलमांची बियांसाठी वेगळी बाग लावतात. परागकण कीटक आणतात, त्यामुळे वडीलही निवडलेलेच हवेत. माणसाच्या उंचीसारखंच इथंही काही आनुवंशिकतेचं, काही पोषणाचं. कशाचं किती, हे कळायला निवडलेल्या झाडांची संतती एकाच जमिनीत लावून वर्षानुवर्षं मोजावी लागते.

मात्र एकाच उत्तम झाडाची लाखो रोपं करणं धोक्याचं. सगळ्यांची प्रतिकारशक्ती सारखी, तर एकच रोग सगळ्यांना गाठेल. निवड कडक हवी, गोतावळा मोठा हवा.

रोपवाटिकांनी बियाण्याचा उगम लिहून द्यावा. औषधाच्या पाकिटावर बॅच क्रमांक लागतो. पंचवीस वर्षांच्या गुंतवणुकीवर एवढं तरी हवंच.