मातीच्या पोटातील देणे

रासायनिक कारखाना बंद पडतो, यंत्रे भंगारात जातात, छपराचे पत्रे उतरतात आणि कुंपणाच्या आत रान माजते. पुढे कधीतरी तो भूखंड नव्या उद्योजकाच्या हाती जातो. या व्यवहारात पाणीपट्टी, वीजबिल, बँकेचे कर्ज यांची थकबाकी काटेकोरपणे पाहिली जाते. मातीत मुरलेल्या देण्याची चौकशी मात्र क्वचितच होते.

महाडच्या संदर्भात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. बिरवाडी परिसरातील औद्योगिक वसाहत प्रामुख्याने रासायनिक उद्योगांची आहे. तेथील सांडपाणी, सामूहिक प्रक्रिया केंद्र आणि सावित्रीची खाडी यांविषयी वर्षानुवर्षे चर्चा झाली. पाण्याचा रंग दिसतो, वास येतो. माती मुकी असते. कोणता मोकळा भूखंड दूषित आहे आणि कोणता नाही, हे मोजल्याखेरीज कोणालाही सांगता येणार नाही. किंबहुना मोजमापाची मागणी करण्याचे कारणच ते आहे. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या या प्रदेशात मातीतील विद्राव्य द्रव्य भूखंडाची हद्द पाळत नाही. ते विहिरीकडे आणि काळ नदीकडे झिरपते. २२ जुलै २०२१ च्या महापुराने तर गाळ कोठून कोठे जाऊ शकतो, हे महाडकरांना घरात दाखवून दिले.

माती परीक्षण हा शब्द शेतकऱ्याला परिचित आहे. परंतु २०१५ पासून दिली जाणारी मृद आरोग्य पत्रिका नत्र, स्फुरद, पालाश, सामू अशा बारा बाबी सांगते. शिसे, पारा किंवा सेंद्रिय द्रावके तिच्या कक्षेत येत नाहीत. दूषिततेचा शोध वेगळ्या रीतीने घ्यावा लागतो. तेथे काय बनत होते, पिंपे कोठे ठेवली जात, टाक्या कोठे होत्या, हा इतिहास प्रथम तपासावा लागतो. त्यानंतर निरनिराळ्या खोलींवरचे नमुने घ्यावे लागतात आणि भूजलही तपासावे लागते. तुलनेसाठी निर्दोष मातीचा नमुनाही हवा, कारण कोकणच्या काळ्या पाषाणापासून बनलेल्या मातीत क्रोमियम, निकेल यांसारखे धातू निसर्गतःच असतात. महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरणारी सावित्री पोलादपूर तालुक्यातून महाडकडे येते. वसाहतीच्या वरच्या अंगाची पोलादपूरकडील माती ही अशा तुलनेची स्वाभाविक जागा ठरेल.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे माहितीची विषमता आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखविले की, दोष फक्त विकणाऱ्याला ठाऊक असेल तर चांगल्या मालालाही योग्य किंमत येत नाही. भूखंडाचेही तसेच आहे. जमीन स्वच्छ राखणाऱ्या कारखानदाराला त्याचा मोबदला मिळत नाही, आणि दूषित करणारा आपले देणे पुढच्या माणसाच्या, पाया खणणाऱ्या मजुराच्या आणि शेजारच्या विहिरीच्या माथी मारून निघून जातो.

उशिराची किंमत काय असते, हे राजस्थानातील बिछडी गावाने दाखविले. तेथे एच-आम्लाचे उत्पादन अल्पकाळच चालले, पण त्याच्या गाळाने माती आणि विहिरी नासल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दूषित करणाऱ्यानेच खर्च सोसावा, असा निर्णय दिला. तरीही वसुलीचा वाद २०११ पर्यंत न्यायालयात रेंगाळला.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले, हे स्वागतार्ह आहे. संशयित स्थळांची यादी जिल्हा पातळीवर तयार व्हावी, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक आणि पुढील ९० दिवसांत सविस्तर तपासणी करावी, असा क्रम त्यांत आहे. तथापि या यंत्रणेची सुरुवात संशयापासून होते, व्यवहारापासून नव्हे. आणि कुंपणाआडच्या रानाविषयी संशय घेण्याची तसदी कोण घेणार?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ भूखंड विकत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. जमिनीचा मालक या नात्याने हस्तांतरणाला मान्यता देताना मातीच्या तपासणीचा अहवाल मागणे त्याला सहज शक्य आहे. भूखंड प्रथम देताना एक अहवाल आणि परत घेताना किंवा हस्तांतरित करताना दुसरा, एवढी अट पुरेशी आहे. दोहोंतील फरक ही जाणाऱ्याची थकबाकी. अशाने उद्योग दूर जातील, ही भीती रास्त नाही. प्रामाणिक उद्योजकाला अहवालाचे संरक्षणच मिळेल. आधीच्याचे पाप त्याच्या नावावर चढणार नाही. लहान उद्योजकाला खर्च जड जात असेल, तर महामंडळाने हस्तांतरण शुल्कातून त्याचा भार उचलावा.

सातबाऱ्यावर बोजा चढतो, कारण कर्ज देणाऱ्याला आपले पैसे बुडू द्यायचे नसतात. मातीतील बोजा बुडतो तो गावाच्या आरोग्यात. त्याची नोंद ठेवणे हे महामंडळाचे आणि जिल्हा प्रशासनाचे कर्तव्य आहे, आणि ती नोंद पाहायला मागणे हा बिरवाडीच्या ग्रामस्थांचा हक्क.