‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय बिघडतं? ७३ तासांच्या बंदने दिलेला धडा

“सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” रेशन दुकान असो, सेतू केंद्र असो की बँक, हे वाक्य गावोगावी पाठ झालं आहे. ज्याची मजुरी बुडते, त्याला मात्र काय बिघडलं ते कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या रोब्लॉक्स या गेम कंपनीने एकदा ते सविस्तर सांगितलं. मोबाईलवर पोरं खेळतात, तोच हा रोब्लॉक्स.

२८ ऑक्टोबर २०२१ रोजी हा गेम बंद पडला आणि ३१ तारखेला पूर्ववत झाला. एकूण ७३ तास. रोजचे सुमारे ५ कोटी खेळाडू ताटकळले.

कोरमशिवाय नोंद नाही

रोब्लॉक्सकडे १८ हजारांहून जास्त सर्व्हर होते. कोणतं काम कोणत्या मशीनवर चालू आहे, याची नोंदवही ‘कन्सल’ नावाची प्रणाली ठेवत होती. अशी नोंदवही मोजकी मशीन मिळून सांभाळतात. ती मतदानाने आपल्यातलंच एक प्रमुख निवडतात. पाच मशीन असतील तर तिघांनी होकार दिल्याशिवाय नोंद पक्की होत नाही.

ग्रामसभेच्या कोरमसारखंच हे. फरक एवढाच, की कोरमअभावी तहकूब झालेली ग्रामसभा नंतर कोरम नसतानाही भरते. इथे ती सूट नाही. सूट दिली तर दोन प्रमुख तयार होतील आणि एकाच गोष्टीच्या दोन वेगळ्या नोंदी पडतील.

सुधारणाच अंगाशी आली

कन्सलच्या नव्या आवृत्तीत भार कमी करणारी एक सोय आली होती. काही महिने थोड्या कामांवर ती नीट चालली. बंद पडण्याच्या आदल्या दिवशी ती एका मोठ्या कामावर सुरू केली आणि त्याच कामासाठी मशीनही ५० टक्क्यांनी वाढवली. भार वाढताच हीच सोय अडसर ठरली.

आधी वाटलं, मशीन खराब आहे. ती बदलली, फरक पडला नाही. मग दुप्पट ताकदीची मशीन आणली, तर त्रास वाढलाच. वजनकाटा एकच असेल तर ट्रॉल्या वाढवून रांग कमी होत नाही, तसं झालं. जुनी नोंद परत भरून पाहिली. थोडा वेळ बरं चाललं, पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी ती नवी सोय बंद केली, तेव्हा कुठे गाडं हललं. तरी काही मशीन प्रमुख झाली की काम मंदावायचं. कारण वेगळंच निघालं. दरवेळी छोटी नोंद लिहिताना नोंदवहीतल्या रिकाम्या पानांची अख्खी यादीही पुन्हा लिहिली जात होती, आणि त्या यादीत जवळपास १० लाख पानं होती. अशा मशीनला प्रमुखपदावर टिकू न देता मार्ग काढला. शेवटी खेळाडूंना एकदम न सोडता साधारण १०-१० टक्क्यांनी आत घेतलं.

गावाने काय घ्यावं?

दोन चुका कंपनीने स्वतः मान्य केल्या. पहिली, सगळा कारभार एकाच नोंदवहीवर ठेवला होता. दुसरी, बिघाड दाखवणारी यंत्रणाही त्याच नोंदवहीवर चालत होती. घर अंधारात गेलं आणि बॅटरीही त्याच घरात अडकली, असा प्रकार. नंतर ही देखरेख वेगळी केली गेली.

जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने संपूर्ण हकीकत जाहीर केली. ‘खेळाडूंची गर्दी झाली’ असं कारण पुढे केलं नाही. गेम बनवून कमाई करणाऱ्यांचं नुकसान भरून देण्याचं धोरणही ठरवलं.

हा झाला पोरांच्या खेळाचा हिशेब. धान्य, दाखला किंवा विम्याचा अर्ज अडतो, तेव्हा असा हिशेब मागायला हरकत काय? सर्व्हर बंद पडू शकतो, ते कुणालाच चुकत नाही. पण बंद कधीपासून आहे, तोवर कागदावर नोंद घेणार का, आणि शेवटची तारीख हुकली तर मुदत वाढणार का, हे तीन प्रश्न खिडकीवर विचारायलाच हवेत. ‘उद्या या’ हे त्यांचं उत्तर होऊ शकत नाही.